मोबाइलवर पान का मोडतं? सीएसएस मांडणीच्या नेहमीच्या अडचणी, एकेक करून

एका बाजार समितीचं संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. वर मथळा आणि मेनू, खाली सूचनांची कार्डं, मध्ये आजच्या दरांचा तक्ता, बाजूला संपर्काची चौकट आणि तळाला फूटर. लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी. तेच पान शेतकऱ्याच्या ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडलं की पान डावीकडे-उजवीकडे सरकायला लागतं, ‘सर्वसाधारण दर’ हा रकाना पडद्याबाहेर जातो, मथळ्यातल्या रफार-वेलांट्या वरून कापल्या जातात आणि मेनू उघडला तर तो तक्त्याच्या मागे लपतो.

या चारही तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्या शोधायची रीत एकच आहे. मांडणी बिघडली की आधी विचारायचं: या चौकटीची रुंदी, उंची किंवा जागा नक्की कोण ठरवतंय? आपण लिहिलेला नियम, आतला मजकूर, बाहेरची चौकट, की ब्राउझरचा न सांगता लागू होणारा नियम? हे कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. हे न शोधता इकडून-तिकडून उचललेले पाच नियम टाकले, तर त्यातला एक आजची अडचण झाकतो आणि उरलेले चार पुढच्या महिन्यात नवी अडचण काढतात.

सीएसएस म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा; तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मधली. ती मुख्यतः लेखी मजकूर सजवण्यासाठी होती. पानाची मांडणी करायला लोकांनी आधी टेबल वापरले, मग वर्षानुवर्षं फ्लोट (चौकट एका कडेला सरकवणारा नियम). ओळी-रकान्यांत मांडणी करणारं ग्रिड थेट मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत जवळजवळ एकदमच आलं. त्यामुळे शोधल्यावर सापडणारे बरेच जुने सल्ले आता लागू नाहीत. फ्लोट आवरण्यासाठीच्या युक्त्या दिसल्या, तर तो सल्ला सरळ सोडून द्या.

या लेखात नियमांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. स्टाइलशीटमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच लिहायची.

पायरी १: पाया तपासा

पहिल्यांदा एचटीएमएलच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागाचा, मेटा टॅग आहे का ते बघा. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून मांडतो आणि मग ते आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी दिसण्याचं हे सर्रास कारण. टॅगमध्ये ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ एवढं पुरे. झूम बंद करणारं काहीही त्यात घालू नका. ज्यांना कमी दिसतं त्यांचा तो हक्काचा आधार आहे.

दुसरं, बॉक्स-सायझिंग. सीएसएसच्या मूळ हिशोबात ‘विड्थ’ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. एखाद्या इनपुटला ‘विड्थ: १००%’, दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) आणि १ पिक्सेल बॉर्डर दिली, तर ३६० च्या पडद्यावर ती चौकट ३६० + ३२ + २, म्हणजे ३९४ पिक्सेलची होते. सगळ्या घटकांना आणि त्यांच्या बिफोर-आफ्टरना (सीएसएसने आधी-नंतर जोडलेल्या चौकटींना) ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ द्या. मग पॅडिंग आणि बॉर्डर त्या १०० टक्क्यांतच मोजले जातात.

तिसरं, चित्रं: ‘मॅक्स-विड्थ: १००%’, ‘हाइट: ऑटो’, ‘डिस्प्ले: ब्लॉक’. यातल्या ब्लॉकने चित्राखाली दिसणारी ती अनाकलनीय फट जाते. चित्र मुळात अक्षरासारखं ओळीत बसतं आणि ओळीच्या खालच्या भागासाठी ब्राउझर जागा राखतो, म्हणून ती फट.

चौथं, एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ ठेवा. बहुतेक तयार थीममध्ये तिथे इंग्रजी असतं. ‘एमआर’ दिल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात, स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो आणि पुढे आपल्याला फक्त मराठी मजकुरासाठी वेगळे नियम लिहिता येतात.

पायरी २: पान आडवं का सरकतंय ते शोधा

सगळ्यात जास्त लोक हीच तक्रार घेऊन येतात, आणि सगळ्यात चुकीचा इलाजही इथेच होतो: कुठल्यातरी बाहेरच्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या साध्या चौकटीला) ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’. पान सरकायचं थांबतं, पण जो मजकूर बाहेर गेला होता तो आता वाचणाऱ्याच्या हाती लागतच नाही. दराचा शेवटचा रकाना कापला गेला तर शेतकऱ्याच्या दृष्टीने पान निरुपयोगी आहे. शिवाय त्या डिव्हच्या आतलं स्टिकी, म्हणजे सरकताना जागेवर चिकटून राहणंही बंद पडतं, त्याबद्दल पुढे.

शोध असा घ्या. डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या साधनांत, पडद्याची रुंदी ३६० करा. सगळ्या घटकांना तात्पुरती ‘आउटलाइन: १ पिक्सेल सॉलिड रेड’ द्या. बॉर्डर देऊ नका. बॉर्डरने मापं बदलतात, आउटलाइनने बदलत नाहीत. उजवीकडे बाहेर डोकावणारी चौकट बहुतेक वेळा लगेच दिसते. तरी सापडली नाही तर एलिमेंट्स पॅनेलमध्ये एकेक मोठा भाग निवडून डिलीट करत जा. ज्या क्षणी आडवा स्क्रोल नाहीसा होतो, त्या भागात गुन्हेगार आहे. डिलीट मागे घ्या, त्या भागाच्या आत शिरा, पुन्हा तेच करा. हे काम पाच मिनिटांपलीकडे जात नाही.

संशयित ठरलेले असतात. पहिला: ‘विड्थ: १००व्हीडब्ल्यू’ (व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा शंभरावा भाग). विंडोजवर उभ्या स्क्रोलबारला साधारण १५ ते १७ पिक्सेल लागतात आणि व्हीडब्ल्यूच्या हिशोबात ती पट्टीही धरलेली असते, त्यामुळे चौकट पट्टीच्या रुंदीएवढी बाहेर जाते. पूर्ण रुंदी हवी असेल तर साधं १००% वापरा. ब्लॉक घटकाला तर तेही लागत नाही, तो आपणहून पसरतो. दुसरा: पिक्सेलमध्ये बांधलेली रुंदी, म्हणजे ‘विड्थ: ६००’ वगैरे. तिथे ‘मॅक्स-विड्थ’ हवी. तिसरा: उजवीकडे मुद्दाम पडद्याबाहेर ठेवलेला अ‍ॅब्सोल्यूट मेनू किंवा सजावटीचं वर्तुळ. अशा सजावटीसाठी तिच्या जवळच्याच चौकटीला ‘ओव्हरफ्लो: क्लिप’ द्यायला हरकत नाही, कारण तिथे वाचण्यासारखं काही नसतं.

चौथा संशयित मात्र नजरेला दिसत नाही.

पायरी ३: आकसायला नकार देणारी चौकट

सूचनेचं कार्ड घ्या. डावीकडे ९६ पिक्सेलचं चित्र, उजवीकडे मजकूर. बाहेरच्या डिव्हला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ (आतले घटक एका ओळीत मांडणारी पद्धत), मजकुराला ‘फ्लेक्स: १’. मजकुरात एखादी लांबलचक लिंक आली, किंवा मथळा एका ओळीत ठेवून शेवटी तीन टिंबं दाखवायची म्हणून ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’ दिलं, की कार्ड पडद्याबाहेर पळतं. आपण कुठेही मोठी रुंदी लिहिलेली नसते. मग ती ठरवली कोणी?

ठरवली आतल्या मजकुराने. फ्लेक्सच्या आतल्या प्रत्येक घटकाची ‘मिन-विड्थ’ आपण काही न लिहिता ‘ऑटो’ असते. तिचा अर्थ: न तुटणारा सगळ्यात लांब तुकडा मावेल त्याहून लहान मी होणार नाही. साध्या ब्लॉकला ‘मिन-विड्थ: ऑटो’चा अर्थ शून्यच असतो, म्हणून तिथे हा अनुभव येत नाही आणि फ्लेक्समध्ये आल्यावर माणूस चक्रावतो. उपाय एवढाच: मजकुराच्या त्या घटकाला ‘मिन-विड्थ: ०’. फ्लेक्सच्या आत फ्लेक्स असेल, तर बाहेरून आतपर्यंतच्या प्रत्येक पातळीवर ते द्यावं लागतं. अर्ध्या वेळा उपाय ‘चालत नाही’ तो मधली एक पातळी सुटल्यामुळे.

ग्रिडमध्ये हाच नियम वेगळ्या वेशात येतो. ‘१एफआर’ म्हणजे उरलेल्या जागेचा एक भाग असं आपण शिकतो, पण ब्राउझर ते ‘मिनमॅक्स(ऑटो, १एफआर)’ असं वाचतो. पुन्हा तोच ऑटो. दोन सारखे रकाने हवेत म्हणून ‘१एफआर १एफआर’ लिहिलं आणि एकात लांब शब्द आला, तर रकाने सारखे राहत नाहीत. ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहा, राहतील.

चौकट आकसली, आता लांब शब्दाचं काय? मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘स्वातंत्र्यसैनिकांसाठीच्या’, ‘जिल्हाधिकाऱ्यांमार्फत’ असे शब्द मथळ्याच्या आकारात अरुंद कार्डावर एका ओळीत मावत नाहीत. इथे ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ द्या. याची ‘ब्रेक-वर्ड’ ही किंमतही शब्द तोडते, पण ती किमान रुंदीच्या हिशोबात धरली जात नाही, त्यामुळे फ्लेक्स-ग्रिडमधली चौकट तशीच फुगलेली राहते. ‘एनीव्हेअर’ धरली जाते. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ मात्र मराठी मजकुराला कधीही लावू नका. ते जागा असतानाही ओळीच्या शेवटी येईल तो शब्द तोडतं, आणि दोन ओळी वाचल्यावर वाचणारा कंटाळून पान बंद करतो.

कार्डांची जाळी करताना लिहायची ओळ: ‘रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(मिन(१००%, १८रेम), १एफआर))’. रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचं माप, नेहमी १६ पिक्सेल. आतलं ते ‘मिन’ विसरायचं नाही. नुसतं ‘मिनमॅक्स(२०रेम, १एफआर)’ लिहिलं आणि ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंना २४ पिक्सेल पॅडिंग असलं, तर हाती ३१२ पिक्सेल उरतात आणि कार्ड ३२० मागतं. म्हणजे कार्ड आपली जागा सोडून ८ पिक्सेल उजव्या पॅडिंगमध्ये घुसणार. कार्डं दोनच असतील आणि ती ताणली जायला नको असतील, तर ‘ऑटो-फिट’ऐवजी ‘ऑटो-फिल’.

पायरी ४: दरांचा तक्ता

शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. सात रकाने ३६० पिक्सेलमध्ये वाचण्याजोगे बसत नाहीत, आणि बसवायचा हट्टही नको. फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करायची पद्धत आहे, पण दर बघणाऱ्याला तुलना करायची असते: सोयाबीन काय, तूर काय, कालचा आणि आजचा फरक काय. कार्डांत ती तुलना मोडते. माझं मत ठाम आहे की दरांचा तक्ता तक्ताच राहावा आणि फक्त तो तक्ता आडवा सरकावा, अख्खं पान नाही.

तक्त्याला एका डिव्हमध्ये ठेवा आणि त्या डिव्हला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या. तक्त्याला ‘विड्थ: १००%’ आणि ‘मिन-विड्थ: ४२रेम’, म्हणजे रकाने चेंगरत नाहीत. पहिला रकाना, शेतमालाचं नाव, जागेवर राहायला हवा. नाहीतर उजवीकडे सरकल्यावर ४,३५० हा दर कशाचा ते कळत नाही. त्या रकान्याच्या पेशींना ‘पोझिशन: स्टिकी’, ‘लेफ्ट: ०’ आणि पार्श्वभूमीचा रंग द्या. रंग नसेल तर मागचे आकडे नावातून आरपार दिसतात.

आता एक बारीक गोष्ट. तक्त्याला ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ असेल तर सरकवताना स्टिकी पेशींच्या रेघा मागेच राहतात, कारण त्या अवस्थेत रेघा पेशींच्या नसून तक्त्याच्या असतात. ‘सेपरेट’ ठेवा, ‘बॉर्डर-स्पेसिंग: ०’ करा आणि प्रत्येक पेशीला फक्त खालची आणि उजवी रेघ द्या.

वरची शीर्षकांची ओळही पानाबरोबर स्टिकी करायला गेलात तर ती चिकटणार नाही. कारण ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ दिल्यावर तो डिव्ह उभ्या दिशेनेही स्क्रोलची चौकट बनतो आणि स्टिकी ओळ पानाऐवजी त्या डिव्हकडे बघते. मार्ग दोन: डिव्हला ‘मॅक्स-हाइट: ७०डीव्हीएच’ (त्या क्षणी दिसणाऱ्या पडद्याच्या उंचीचे ७० टक्के) देऊन तक्ता आतल्या आत दोन्ही दिशांनी सरकू द्या, किंवा शीर्षकांचं स्टिकी सोडून द्या. तक्ता पंधरा-वीस ओळींचा असेल तर सोडून द्यावं. फोनवर स्क्रोलच्या आत स्क्रोल अंगठ्याला त्रास देतो.

आकडे उजवीकडे लावा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स’ने एककाखाली एकक येतं. आणि त्या सरकणाऱ्या डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ शून्य, ‘रोल’ रीजन आणि एक नाव द्या, म्हणजे माउस न वापरणाऱ्यालाही तो बाणांच्या कळांनी सरकवता येतो.

पायरी ५: कापल्या जाणाऱ्या वेलांट्या

हा भाग मराठी पानांवर सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, कारण थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात आणि बनवणाऱ्याने देवनागरी मजकूर टाकून कधी पाहिलेला नसतो. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली फारसं काही नसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असे थर चढतात आणि खाली उकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘कीर्तीं’ मधला शेवटचा ‘र्तीं’ बघा: वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. ‘लट्टू’ खाली उतरतो.

मथळ्याला ‘लाइन-हाइट: १.१’ असेल तर दोन ओळींत वरच्या उकारावर खालची वेलांटी आदळते. त्यावर ‘ओव्हरफ्लो: हिडन’ही असेल तर ती कापलीच जाते. परिच्छेदासाठी १.६ ते १.८ आणि मथळ्यांसाठी १.३ ते १.४ ठेवा. किंमत नेहमी बिनएककाची लिहा. पिक्सेलमध्ये लिहिली की आतल्या मोठ्या अक्षरांनाही तीच उंची मिळते आणि पुन्हा तेच.

दोन किंवा तीन ओळींनंतर मजकूर थांबवणारा लाइन-क्लॅम्प हा खास सापळा आहे. तो ‘ओव्हरफ्लो: हिडन’वरच चालतो, त्यामुळे शेवटच्या ओळीचे उकार अर्धे जातात. खाली पॅडिंग द्यावंसं वाटतं, पण ओव्हरफ्लो पॅडिंगच्या बाहेरच्या कडेवर कापला जातो, म्हणून त्या पॅडिंगमध्ये पुढच्या ओळीच्या शिरोरेषा डोकावतात. तिथे लाइन-हाइट वाढवणं हाच इलाज. एका ओळीच्या टिंबांसाठी मात्र वर-खाली ०.१५ईएम (ईएम म्हणजे त्या अक्षराचा आकार) पॅडिंग छान काम करतं, कारण खाली पुढची ओळच नसते.

थीममध्ये मेनू किंवा बटणांना ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे-सुटे दिसतात. मराठी भाषेच्या निवडकाखाली, म्हणजे ‘:लँग(एमआर)’ मध्ये, ते ‘नॉर्मल’ करा. पायरी १ मधला ‘लँग’ इथे कामी येतो.

बटणांना ‘हाइट’ आणि ‘विड्थ’ पिक्सेलमध्ये देऊ नका. इंग्रजीतल्या एका शब्दाच्या जागी ‘अर्ज दाखल करा’ येतं, आणि फोनमध्ये अक्षरांचा आकार वाढवलेला असेल तर ते दोन ओळींत जातं. ‘मिन-हाइट: २.७५रेम’ आणि दोन्ही दिशांना पॅडिंग द्या. बटण मजकुरासोबत वाढेल. फॉन्टचाही प्रश्न आहे. तुम्ही देवनागरी वेबफॉन्ट दिला नाही तर विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर असं काहीतरी वेगवेगळं येतं आणि प्रत्येकाची उंची निराळी. मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी एखादा मुक्त परवान्याचा फॉन्ट ठरवून दिलात तर निदान सगळीकडे एकच माप धरता येतं.

पायरी ६: उंचीचे प्रश्न

‘हाइट: १००%’ काही करत नाही, अशी तक्रार असते. टक्का कशाचा हे आईबाप चौकटीवर ठरतं, आणि तिची उंची ‘ऑटो’ असेल तर ती स्वतःच आतल्या मजकुरावर अवलंबून असते. दोघंही एकमेकांकडे बघतात, म्हणून ब्राउझर तो टक्का सोडून देतो.

म्हणून लोक ‘१००व्हीएच’कडे, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीकडे वळतात. फोनवर ही उंची पत्त्याची पट्टी आत गेल्यावरची, म्हणजे मोठी धरली जाते. पान उघडताना पट्टी दिसत असते, त्यामुळे तळाचं बटण पडद्याखाली राहतं. २०२२ पासून मुख्य ब्राउझरांत यासाठी तीन वेगळी एककं आहेत. एसव्हीएच म्हणजे पट्टी दिसत असतानाची छोटी उंची, एलव्हीएच म्हणजे मोठी, आणि डीव्हीएच म्हणजे त्या क्षणाची. पहिल्या पडद्याच्या मोठ्या चित्रासाठी एसव्हीएच घ्या. डीव्हीएच स्क्रोल करताना बदलतं आणि चित्र हलल्यासारखं वाटतं. आणि ‘हाइट’ नव्हे, ‘मिन-हाइट’.

मजकूर कमी असताना फूटर अधांतरी राहतो. बॉडीला ‘मिन-हाइट: १००डीव्हीएच’, ‘डिस्प्ले: ग्रिड’, ‘ग्रिड-टेम्प्लेट-रोज: ऑटो १एफआर ऑटो’. मधला भाग पसरतो, फूटर तळाला जातो. पण इथेच पायरी ३ आठवा: बॉडी आता ग्रिड आहे. रकान्याची रुंदी लिहिली नाही, तर तक्त्याची ती ४२ रेम किमान रुंदी, म्हणजे नेहमीच्या मापात ६७२ पिक्सेल, सरकणाऱ्या डिव्हमधूनही वर पोचते आणि अख्खं पान ताणते. ‘ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: मिनमॅक्स(०, १एफआर)’ ही ओळ सोबत लिहायचीच.

मधोमध आणणं आता सोपं आहे: ‘डिस्प्ले: ग्रिड’ आणि ‘प्लेस-कंटेंट: सेंटर’. पण मजकूर चौकटीपेक्षा उंच झाला तर तो वर आणि खाली सारखाच बाहेर जातो, आणि वर गेलेल्या भागापर्यंत स्क्रोल करता येत नाही. लॉगिनचा फॉर्म मधोमध ठेवला आणि फोन आडवा धरल्यावर वरचं नाव गायब झालं, असं होतं ते यामुळे. बाहेरच्या चौकटीला फक्त ग्रिड किंवा फ्लेक्स ठेवून आतल्या घटकाला ‘मार्जिन: ऑटो’ द्या. जागा असेल तर मध्ये, नसेल तर वरून सुरू.

मार्जिनबद्दल एवढंच: वरच्या परिच्छेदाची खालची आणि खालच्याची वरची मार्जिन बेरीज न होता मोठी तेवढी उरते. पहिल्या मथळ्याची मार्जिन त्याच्या चौकटीबाहेर गळते तेही याचमुळे. बाहेरच्या चौकटीला ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ दिलं की गळती थांबते. फ्लेक्स-ग्रिडमध्ये असं मिसळणं नसतं, तिथे अंतरासाठी ‘गॅप’ वापरा.

पायरी ७: स्टिकी चिकटत नाही

बाजूची संपर्काची चौकट स्क्रोल करताना दिसत राहावी म्हणून ‘पोझिशन: स्टिकी’ दिलं आणि काहीच झालं नाही. तीन गोष्टी याच क्रमाने बघा. ‘टॉप’ दिलंय का? ते नसेल तर कुठे चिकटायचं हेच ठरलेलं नसतं. वरच्या एखाद्या पूर्वज चौकटीला ‘ओव्हरफ्लो’ हिडन, ऑटो किंवा स्क्रोल आहे का? असेल तर स्टिकी तिला स्वतःची खिडकी मानतं. कापणं खरंच गरजेचं असेल तर तिथे ‘क्लिप’ द्या. क्लिप स्क्रोलची चौकट तयार करत नाही.

तिसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागतो. स्टिकी घटक आपल्या आईबाप चौकटीच्या बाहेर जात नाही. ग्रिड-फ्लेक्समध्ये मुलं मुळातच पूर्ण उंचीला ताणलेली असतात. संपर्काची चौकट मजकुराच्या रकान्याएवढीच उंच झाली, तर तिला सरकायला जागाच उरत नाही. ‘अलाइन-सेल्फ: स्टार्ट’ दिलं की ती आपल्या मजकुराएवढी होते आणि चिकटायला लागते.

पायरी ८: मेनू मागे का लपतो

मेनूला ‘झेड-इंडेक्स: ९९९९’ (कोण वर दिसणार ते ठरवणारा आकडा) आहे, तक्त्याच्या स्टिकी पेशीला फक्त १, तरी पेशी वर दिसते. नऊचे आकडे वाढवून उपयोग नाही, कारण या दोघांची स्पर्धा थेट होतच नाही.

झेड-इंडेक्स थरांच्या गटात मोजला जातो. ज्या घटकाला ‘ट्रान्सफॉर्म’, ‘फिल्टर’, १ पेक्षा कमी ‘ओपॅसिटी’, ‘पोझिशन: फिक्स्ड’ किंवा ‘स्टिकी’ असतं, तो आपला स्वतंत्र गट उघडतो. आतल्या सगळ्यांचे आकडे त्या गटापुरतेच. बाहेर मोजला जातो तो फक्त गटाच्या मालकाचा आकडा. आपल्या पानात मथळ्याच्या पट्टीला थीमने अ‍ॅनिमेशनसाठी ट्रान्सफॉर्म दिलेला आहे आणि तिला स्वतःचा आकडा नाही, म्हणजे ती शून्यावर. आतला ९९९९ तिथेच अडकला. बाहेर सामना शून्य विरुद्ध एक असा झाला.

दुरुस्ती दोन टोकांनी करा. मथळ्याच्या पट्टीलाच ‘पोझिशन: रिलेटिव्ह’ आणि ‘झेड-इंडेक्स: १०’ द्या. आणि तक्त्याच्या डिव्हला ‘आयसोलेशन: आयसोलेट’ द्या, म्हणजे त्याचे आतले आकडे बाहेर येत नाहीत. प्रत्येक स्वतंत्र भागाला आयसोलेट द्यायची सवय लावलीत तर अख्ख्या संकेतस्थळाला दहापेक्षा मोठा आकडा क्वचितच लागतो.

याच कुटुंबातली दुसरी अडचण: पूर्ण पडद्याचा ‘फिक्स्ड’ मेनू पट्टीएवढाच उघडतो. पूर्वज घटकावर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असेल तर फिक्स्डची मापं पडद्यावरून नव्हे, त्या पूर्वजावरून ठरतात. धूसर काचेच्या मथळ्यांसाठी वापरला जाणारा ‘बॅकड्रॉप-फिल्टर’ही हेच करतो. मेनू पट्टीच्या बाहेर हलवा, किंवा धूसरपणा पट्टीच्या बिफोर घटकाला द्या. पॉपअप असेल तर ‘डायलॉग’ हा एचटीएमएल घटक ‘शोमोडल’ने उघडा. तो ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या थरात जातो आणि झेड-इंडेक्सचा प्रश्नच संपतो. मार्च २०२२ पासून तो सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतो.

पायरी ९: पान उडी मारतं

दर वाचत असताना वर चित्र लोड होतं आणि मजकूर खाली ढकलला जातो. प्रत्येक चित्राला एचटीएमएलमध्ये ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ लिहा. सीएसएसमधली ‘हाइट: ऑटो’ असतानाही ब्राउझर त्या आकड्यांवरून प्रमाण काढतो आणि जागा आधीच राखतो. जाहिराती किंवा नकाशाच्या चौकटीला ‘मिन-हाइट’ किंवा ‘अ‍ॅस्पेक्ट-रेशिओ’ द्या. गूगल ही उडी ज्या मोजमापाने तपासतं त्यात ०.१ पर्यंतचा आकडा चांगला धरला जातो.

पायरी १०: खरा मजकूर टाकून तपासा

नमुन्याच्या छोट्या मथळ्यांवर मांडणी तपासली तर ती तपासलीच नाही. एका कार्डात तीन ओळींचा मथळा टाका, एकात एकच शब्द, एकाचं चित्र काढून टाका, एकात लांब लिंक. दरांच्या तक्त्यात ‘कृषी उत्पन्न बाजार समिती, पिंपळगाव बसवंत’ एवढं नाव एका पेशीत घाला. मग रुंदी ३२० पिक्सेल करा; सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी हीच मर्यादा आहे, आणि तक्त्यांना त्यात आडव्या स्क्रोलची सूट आहे. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून तेच पान बघा. वयस्कर वाचकांपैकी अनेकजण फोन असाच वापरतात, आणि पिक्सेलमध्ये बांधलेली प्रत्येक उंची इथे उघडी पडते.

शेवटी ते पान साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवर, भर उन्हात, एका हाताने उघडा आणि आजचा तुरीचा सर्वसाधारण दर शोधा. जिथे अंगठा अडखळेल, तिथली चौकट डेव्हटूल्समध्ये उघडून तिची रुंदी-उंची कोण ठरवतंय ते बघायचं.